मध्यस्थाविना देव: जोतीराव फुले यांचा 'निर्मिक' समजून घेताना

'देव मी मानतो, पण कोणताही धर्म मला पुरता पटत नाही,' असे सांगणारी माणसे आज आपल्या ओळखीत सहज भेटतात. अशा माणसापुढे लवकरच दोन प्रश्न उभे राहतात. पोथी, पुरोहित, देऊळ आणि व्रतवैकल्ये बाजूला ठेवली, तर देवाविषयी काही जाणून घेण्याचे साधन कोणते उरते, हा पहिला प्रश्न. आणि असा देव मानल्याने आपल्या वागण्यात नेमका कोणता फरक पडतो, हा दुसरा. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या दोन्ही प्रश्नांना सर्वांत थेट आणि सर्वांत धीट उत्तर महात्मा जोतीराव फुले यांनी दिले, असे माझे मत आहे. मुलींसाठी शाळा काढणारे, शेतकऱ्याची कैफियत मांडणारे, जातिव्यवस्थेवर घाव घालणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु आयुष्यभर देवाचा विचार करणारा माणूस म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते, आणि त्यांनी देवासाठी वापरलेला 'निर्मिक' (म्हणजे निर्माण करणारा) हा शब्द सामाजिक विचारांच्या पुस्तकातील एक शोभेचा भाग असावा, अशा रीतीने त्याचा ओझरता उल्लेख करून पुढे जाण्याची सवय पडली आहे. ती सवय सोडून त्यांची देवकल्पना सोप्या शब्दांत उलगडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही कल्पना त्यांनी सविस्तर मांडली ती 'सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक' या आपल्या अखेरच्या ग्रंथात. जुलै १८८८ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू निकामी झाली. त्यानंतर त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि हे पुस्तक पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले आणि पुस्तक प्रसिद्ध झाले ते १८९१ मध्ये. अंथरुणाला खिळलेला, साठी ओलांडलेला माणूस एकेक अक्षर कष्टाने गिरवत जे लिहितो, ते त्याला सांगितल्यावाचून राहवत नाही म्हणूनच लिहितो. या पुस्तकाची सुरुवात राज्य, शिक्षण किंवा शेती यांपासून न होता माणसाचे सुख, धर्मपुस्तके आणि निर्मिक या विषयांपासून होते, ही गोष्टही मला महत्त्वाची वाटते.

फुले या विचारापर्यंत कसे पोहोचले, हे थोडे मागे जाऊन पाहावे लागते. १८२७ मध्ये जन्मलेल्या जोतीरावांचे इंग्रजी शिक्षण पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले आणि १८४७ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या मित्रांनी थॉमस पेन या लेखकाचे मानवी हक्कांवरील पुस्तक वाचले. पेन हा अमेरिकन आणि फ्रेंच या दोन्ही राज्यक्रांत्यांशी संबंध आलेला इंग्रज विचारवंत होता. तो ईश्वर मानीत असे, पण कोणतेही चर्च मानीत नसे; आपले मन हेच आपले चर्च, असे त्याने लिहून ठेवले आहे. युरोपात अठराव्या शतकात हा विचार बराच फैलावला होता. त्याचा गाभा असा की, हे विश्व कोणीतरी निर्माण केले आहे हे त्याच्या रचनेवरून बुद्धीला पटते. त्या निर्मात्याने माणसाला बुद्धी दिली आहे. आणि ती बुद्धी असताना एखाद्याच्या कानात देवाने सांगितलेला संदेश, एखाद्या पुस्तकाची मक्तेदारी किंवा चमत्कारांची साक्ष यांची गरज उरत नाही. पेनने याला आणखी एक पैलू जोडला. माणसाचे हक्क कोणत्या राजाने किंवा पूर्वजाने दिले हे शोधत मागे जायचे, तर मध्येच कुठे न थांबता थेट निर्मितीच्या क्षणापर्यंत जावे, कारण तेथे माणूस फक्त माणूस असतो, असे त्याचे म्हणणे होते. पुण्यातील एका माळ्याच्या मुलाला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. जन्माने ठरलेला उच्चनीच भाव देवानेच घालून दिला आहे, असे त्याला आजूबाजूचे सगळे जग सांगत होते. आणि येथे कोणी सांगत होते की देवापर्यंत मागे गेले तर तो भाव मुळीच सापडत नाही.

त्या काळात असा शोध घेणारे फुले एकटे नव्हते. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस मंडळी स्थापन केली होती. एकच देव आणि एकच मानवजात मानणाऱ्या या मंडळींच्या बैठका गुप्तपणे होत आणि १८६० मध्ये सभासदांची नावे उघडी पडताच ती संघटना विस्कटली. बाबा पदमनजी यांच्यासारखे काहीजण ख्रिस्ती झाले. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्यात आले आणि मूर्तीशिवाय, पण तुकोबांच्या अभंगांसह, एका ईश्वराची उपासना तेथे होऊ लागली. फुल्यांना येशूविषयी मनापासून आदर होता, तरी ते ख्रिस्ती झाले नाहीत. आणि प्रार्थना समाजाचा मार्ग वरवर पाहता त्यांच्या मार्गाच्या जवळचा असूनही त्यांनी त्यावर कठोर टीका केली. देवाविषयीचे मत सुधारायचे आणि समाजातील आपली जागा मात्र जेथे होती तेथेच ठेवायची, हे त्यांना मान्य नव्हते. माझ्या मते फुल्यांच्या विचाराची किल्ली याच ठिकाणी आहे. 'देव कसा आहे?' आणि 'माझ्यासमोरच्या माणसाशी मी कसा वागतो?' हे त्यांच्या लेखी दोन वेगळे प्रश्न नव्हतेच. सगळ्यांचा निर्माता एकच असेल, तर त्याच्याजवळ कोणी इतरांपेक्षा अधिक जवळचा असू शकत नाही. आणि कोणी जवळचा नसेल, तर मध्यस्थ, दलाल, श्रेष्ठ आणि कनिष्ठ हे सगळे एकदमच निकालात निघतात.

आता पुस्तकातील निर्मिक पाहू. पुस्तकाचा मोठा भाग संवादरूप आहे. बळवंतराव हरी साकवळकर यांच्यासारखे प्रश्नकर्ते शंका काढतात आणि जोतीराव उत्तर देतात. निर्मिकाला पाहता येईल काय, या शंकेवर जोतीराव आकाशाकडे बोट दाखवतात. या अफाट पोकळीत अगणित सूर्यमंडळे, त्यांचे ग्रह आणि उपग्रह आहेत, आणि त्यांतील एका लहानशा ग्रहावर आपण राहतो. मग ज्याने हे सगळे निर्माण केले त्याला पाहण्याचा किंवा त्याचा ठावठिकाणा सांगण्याचा आव आपण कोणत्या बळावर आणावा, असा त्यांचा सूर आहे. येथे फुले देवाविषयी फार थोडे सांगतात, आणि ते जाणूनबुजून थोडे सांगतात. निर्मिकाचे रूप, वास्तव्य, आवडीनिवडी, राग-लोभ यांविषयी ते काहीच बोलत नाहीत. कारण ज्या क्षणी कोणी 'देवाला अमुक आवडते' असे म्हणू लागतो, त्या क्षणी ते आवडते पुरवणाऱ्याचा धंदा सुरू होतो. ग्रहांची पीडा आणि त्यावरची शांत यांवरही त्यांचा असाच रोखठोक प्रश्न आहे: पृथ्वीवरील एवढ्या माणसांतून एकाला नेमके निवडून आकाशातील ग्रह त्याच्याच मागे कसा लागेल?

पूजेविषयीचा संवाद मी अनेकांना आवर्जून वाचायला सांगतो. निर्मिक डोळ्यांना दिसत नसला तरी त्याच्या नावाने फुले वाहायला काय हरकत आहे, अशी शंका निघते. जोतीरावांचे म्हणणे असे की, फुले त्यानेच निर्माण केली आहेत आणि ती माणसांच्या उपयोगासाठी केली आहेत. त्याचेच त्याला परत देऊन आपण कोणती पूजा केली? मग त्या फुलांचे करायचे काय? तर जी माणसे रात्रंदिवस खपून आपले व आपल्या कुटुंबाचे पोषण करतात आणि इतरांच्या कल्याणासाठी झिजतात, त्यांच्या गळ्यात हार घालावेत. हे लिहिणाऱ्याच्या घराण्याला 'फुले' हे आडनाव पडले ते फुलांच्या व्यवसायामुळे. देवाच्या फुलांवर ज्यांचा संसार चालला, त्यांच्यातीलच एकाने ती फुले देव्हाऱ्यातून उचलून कष्टकऱ्याच्या गळ्यात घातली. नामस्मरणाबाबतही त्यांची भूमिका अशीच आहे. मुलगा कामधंदा सोडून दिवसभर बापाच्या नावाचा जप करीत बसला, तर त्याने बापाला संतोष होणार नाही. मग सगळ्यांच्या निर्मिकाला तो कसा होईल? नैवेद्याच्या जागी त्यांनी पोरक्या आणि अपंग माणसांना अन्न देणे ठेवले. हे त्यांनी केवळ कागदावर ठेवलेले नव्हते: १८७७ च्या दुष्काळात त्यांनी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे निराधार मुलांसाठी अन्नछत्र चालवले होते, आणि त्याआधी १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला होता.

पाप आणि पुण्य यांची व्याख्याही याच दिशेने जाते. स्वतःच्या सुखासाठी दुसऱ्याला शरीराने किंवा मनाने पीडा देणे हे पाप. विटाळ, सोवळेओवळे, तिथी आणि मुहूर्त यांना या व्याख्येत जागाच नाही. सत्याने वागणारा कोणाला म्हणावे, हे सांगण्यासाठी फुल्यांनी तेहतीस नियम दिले आहेत; आणि त्यांतील 'स्त्री अथवा पुरुष' ही पुन्हा पुन्हा येणारी शब्दरचना नजरेत भरल्याशिवाय राहत नाही. धर्मग्रंथ पुरुषांनी लिहिले आणि म्हणून त्यांत स्त्रियांवर अन्याय झाला, असे ते स्पष्ट सांगतात. स्त्री आणि पुरुष यांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नावर, गर्भाचा भार वाहणारी आणि लेकरांना वाढवणारी स्त्रीच श्रेष्ठ, असे उत्तर ते देतात.

मग धर्मपुस्तकांचे काय? फुल्यांनी ती फेकून द्यायला सांगितले, असा काहींचा समज असतो. त्यांचे मत अधिक बारकाव्याचे आहे. प्रत्येक धर्मपुस्तकात काही ना काही सत्य आहे, परंतु ते माणसांनी आपापल्या काळाच्या परिस्थितीत लिहिलेले असल्यामुळे आरंभापासून अखेरपर्यंत सत्य असे एकही पुस्तक नाही, असे ते म्हणतात. यातून निघणारा निष्कर्ष मात्र विलक्षण आहे. ते एका कुटुंबाचे चित्र रेखाटतात. त्या घरातील पत्नीने बौद्ध ग्रंथ वाचून, वाटल्यास तो धर्म स्वीकारावा. पतीने जुना आणि नवा करार वाचून ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून इस्लाम स्वीकारावा. मुलाने सार्वजनिक सत्य धर्माचे पुस्तक वाचून त्या धर्माचे व्हावे. आणि या सर्वांनी एकमेकांच्या धर्माचा हेवा न करता, आपण सगळे एकाच निर्मिकाची लेकरे आहोत हे जाणून, एकाच घरात प्रेमाने नांदावे. आजही हे चित्र किती घरांत पेलवेल, याचा ज्याने त्याने विचार करावा. यात नुसती सहिष्णुता नाही. धर्म हा कुळाकडून वारशाने येत नाही, तो प्रत्येकाने, स्त्रीनेसुद्धा आणि नवऱ्याला न विचारता, स्वतः वाचून निवडायचा असतो, असे फुले येथे सांगत आहेत. 'सत्य सर्वांचे आदि घर। सर्व धर्मांचे माहेर।।' या त्यांच्या अखंडाचा, म्हणजे अभंगाच्या घाटाच्या पद्याचा, अर्थ या कुटुंबाशेजारी ठेवून वाचला की नीट उमगतो. वेदांना प्रमाण मानणे त्यांना मान्य नव्हते. तरीही १८७५ मध्ये पुण्यात दयानंद सरस्वतींची मिरवणूक निघाली आणि तिला सनातनी मंडळींकडून धोका होता, तेव्हा फुले आपल्या माणसांसह तिच्या संरक्षणासाठी उतरले होते.

येथवर जे सांगितले ते विचारांत राहिले असते, तर फारसे कोणाचे बिघडले नसते. परंतु माणूस जन्मतो, लग्न करतो आणि मरतो, आणि या तिन्ही प्रसंगी पुरोहित लागतो असे समाज मानतो. म्हणून २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने लग्नालाच हात घातला आणि त्याच वर्षी डिसेंबरात भटजीशिवाय पहिला विवाह लावला. या विवाहांतील मंगलाष्टके मराठीत असत. वधू आणि वर दोघेही ती म्हणत, आणि त्यांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांविषयी स्पष्ट वचन मागत असे. विरोध कडवा झाला, कारण यात केवळ श्रद्धेचा प्रश्न नव्हता. लग्नाला बोलावले नाही तरी आपली दक्षिणा हा वंशपरंपरेने आलेला वतनी हक्क आहे, असा दावा गावोगावचे वतनदार जोशी करीत आणि तो घेऊन कोर्टात जात. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथील असा वाद मुंबईच्या हायकोर्टापर्यंत पोहोचला होता. मध्यस्थाविना देव ही कल्पना कोणाच्या ताटात हात घालते, हे यावरून कळते.

या देवकल्पनेविषयी मनात येणाऱ्या शंका टाळून चालणार नाही. पहिली शंका दुःखाची. निर्मिकाने सगळ्यांना सगळे भरभरून दिले आणि लबाड माणसांनी ते बळकावले म्हणून दुःख आले, असे फुले मानतात. जातीच्या, स्त्रियांच्या आणि शेतकऱ्यांच्या दुःखाबाबत हे उत्तर पटते. परंतु पाऊसच न पडल्याने जे मूल उपाशी मरते, त्याचे काय? दुष्काळात माणसे अधिक मरतात ती राज्यकर्त्यांच्या आणि सावकारांच्या वागण्यामुळे, हे मान्य केले तरी पावसाचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि त्याला या पुस्तकात मला समाधानकारक उत्तर सापडलेले नाही. दुसरी शंका भक्तीची. रडावेसे वाटते तेव्हा ज्याच्यापुढे रडावे असा देव माणसाला हवा असतो. ज्याचे रूप नाही, कथा नाही, ज्याला हाक मारायला विठूसारखे नाव नाही, त्याच्यावर जीव कसा जडावा? युरोपातील त्या बुद्धिवादी विचारात देव जग घडवून दूर निघून गेल्यासारखा वाटतो, हे खरे आहे. फुल्यांचा निर्मिक तसा वाटत नाही. 'आपल्या सर्वांचा निर्मिक' असे ते पुन्हा पुन्हा म्हणतात आणि त्या 'आपल्या सर्वांचा' या शब्दांत नात्याची ऊब आहे. शिवाय त्यांच्या अखंडांचा घाट तुकोबांच्या अभंगाचा आहे. 'तुका म्हणे' च्या जागी तेथे 'जोती म्हणे' येते. वारकरी परंपरेचे हे ऋण असूनही संतांवर, विशेषतः ज्ञानेश्वरांवर, त्यांनी जी टीका केली आहे ती मला काही ठिकाणी अन्यायाची वाटते. पंढरपूरच्या वाळवंटातील वारकऱ्यांची समता गावच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचली नाही, हा त्यांचा आक्षेप मात्र खोडून काढता येत नाही.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे. संघटित धर्माला कंटाळून जो बाहेर पडतो, तो पुढे स्वतःच नियम, विधी आणि सभासदत्व असलेली नवी संघटना का उभारतो? फुल्यांनी १८८७ मध्ये सत्यशोधक पद्धतीचे पूजाविधी आणि मंगलाष्टके छापून प्रसिद्ध केली होती. येथे मला दुसरे एक मराठी उदाहरण आठवते. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, बावीस वर्षे मिशनच्या छायेत राहिले आणि १९१७ मध्ये तेथून बाहेर पडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक त्यात येऊ शकत होते. १९१९ मध्ये टिळक गेले आणि तो दरबार फार काळ टिकला नाही. एकट्याने देव शोधता येतो, पण एकट्याने लग्न लावता येत नाही आणि एकट्याने अंत्यविधीही करता येत नाही. म्हणून सोबत लागते, आणि सोबत आली की नियम येतात. फुल्यांनी हे ओळखून विधी ठेवले, परंतु ते कोणालाही, कोणत्याही जातीच्या स्त्री-पुरुषाला, स्वतः करता येतील एवढे साधे ठेवले. त्यांच्या स्वतःच्या अंत्ययात्रेत दत्तक पुत्र यशवंत यांच्या हक्काविषयी भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे (प्रेतयात्रेपुढे धरायचे मडके) हाती घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. या शंकेला यापेक्षा चांगले उत्तर निदान मला ठाऊक नाही.

हे पुस्तक मुळातून वाचायचे असल्यास महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या 'महात्मा फुले समग्र वाङ्मया'त ते मिळते. भाषा जुन्या वळणाची आणि वाक्ये लांबलचक आहेत, त्यामुळे पहिली काही पाने रेटून वाचावी लागतात. तेहतीस नियमांपासून सुरुवात केली तर ते कोरडे वाटण्याचा संभव आहे. पूजा, नामस्मरण आणि नैवेद्य यांवरील लहान संवाद आधी वाचावेत, मग निर्मिकावरील संवाद, आणि नियम त्यानंतर. शंका काढणाऱ्याची वाक्ये घाईने ओलांडू नयेत. त्यांतील बहुतेक शंका आजही आपल्या घरात, सत्यनारायणाच्या किंवा श्राद्धाच्या दिवशी, जवळपास त्याच शब्दांत ऐकू येतात.